राणीछाप रुपया काट्यावर बसत नाही, दिसतोही वेगळा: आधी काय तपासायचं

दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपलं की आमच्या बेळगाव भागात एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. देव्हाऱ्यातला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचा, रुपया चिंचेनं घासून पूजेला लावलेला असतो. परत डबीत ठेवण्याआधी कुणीतरी हौसेनं तो काट्यावर ठेवतं आणि आकडा ११.६६ ग्रॅमच्या जागी ११.०५ येतो, नाहीतर थेट १२. मग निपाणीहून मावशीचा फोन, खानापूरहून दाजींचा फोटो. "सोनार खोटा हाय म्हणालंय बघा. आज्जीनं जन्मभर पुजलेला रुपाया खोटा कसा असंल वो?"

बहुतेक वेळा तो खोटा नसतो. पण "आज्जीचा आहे म्हणजे खराच" हेही खरं नाही. आज्जीच्या काळातही खोटे रुपये होते, म्हणून तर सराफ प्रत्येक रुपया दगडावर वाजवून घ्यायचे.

पहिल्यांदा काटा तपासा. स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमच्या पायरीनं आकडा दाखवणारा काटा या कामाला चालत नाही. दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा, पंखा बंद हवा आणि काटा सपाट फरशीवर ठेवलेला हवा. काटा खरं बोलतोय का हे बघायला वेगळी वजनं आणायची गरज नाही. पिवळसर पाच रुपयांचं नाणं, म्हणजे २०११ ते २०१८ या सालांचं, ज्यावर रुपयाचं ₹ हे चिन्ह आहे ते, ६ ग्रॅमचं आहे. अशी दोन न झिजलेली नाणी ठेवली की १२.०० च्या आसपास आकडा यायला हवा. तिथेच ११.७ दिसलं तर विषय संपला. चूक काट्याची आहे, त्याचा सेल बदला आणि परत तोला.

आता ११.६६ हा आकडा कुठला? १८३५ साली कंपनी सरकारनं सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच एक तोळा. जुने सोनार एका पारड्यात रुपया टाकून दुसऱ्या पारड्यात सोनं तोलायचे ते याच भरवशावर. अधेली, म्हणजे अर्धा रुपया, ५.८३ ग्रॅमची आणि पावली, म्हणजे पाव रुपया, २.९२ ची. पण हे माप १८३५ नंतरच्या, यंत्रावर पाडलेल्या कलदार रुपयाचं आहे. त्याआधीच्या रुपयांना ते लावायचं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

नाणं कुठल्या सालचं आहे?

निम्मे प्रश्न इथेच सुटतात. साल वाचा आणि मग अपेक्षा ठरवा.

व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे आहेत. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, कडेला बारीक उभे दाते. एक गंमत लक्षात ठेवा: १८४० आणि १८६२ ही साल छापलेले रुपये त्याच एका वर्षात पाडलेले नाहीत. साल न बदलता टांकसाळीत ते पुढे कित्येक वर्षं निघत राहिले. म्हणून १८६२ चे रुपये इतके दिसतात, आणि एकाच सालच्या दोन रुपयांत बारीकसारीक फरक दिसला तर दचकायचं कारण नाही.

सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ चे रुपये मात्र वेगळे. महायुद्धात चांदी परवडेना, तेव्हा सरकारनं चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच ठेवलं, ११.६६. हा रुपया झिजला की पिवळट-तांबूस दिसतो आणि घासल्यावर तर आणखीच. सोनारानं कस लावून "चांदी नाही हो ही" म्हणायचं आणि घरच्यांनी तोंड पाडायचं, असं या रुपयाच्या बाबतीत सर्रास होतं. सोनार खोटं बोलत नाही, आणि रुपयाही खोटा नाही. याची खूण कडेवर सापडते. दात्यांच्या मधोमध फिरणारी एक खाच आणि तिच्यात बारीक नक्षी, नक्कल करणाऱ्यांना जड जावी म्हणून मुद्दाम घातलेली. ती खाच दिसली की तांबूस रंगाची चिंता सोडा.

१९४७ चा वाघाचा रुपया तर चांदीचा नाहीच. तो शुद्ध निकेलचा, २८ मिलिमीटरचा, वजन पुन्हा ११.६६, आणि लोहचुंबकाला चिकटतो. "चुंबक लागतंय म्हणजे लोखंडाचा, म्हणजे खोटा" हा तर्क इथे लागू होत नाही. याउलट, व्हिक्टोरियाचा रुपया चुंबकाला चिकटला तर पुढचं काही तपासू नका. आत लोखंड किंवा निकेल आहे.

तांब्याच्या नाण्यातही असाच घोळ होतो. पाव आणा १९०६ पर्यंत तांब्याचा, ६.४७ ग्रॅमचा. त्याच साली तो काशाचा केला आणि वजन ४.८६ वर आलं. एकाच राजाच्या चेहऱ्याची दोन नाणी, एक जाड आणि एक पातळ. पातळ ते खोटं असं समजून लोक फेकून देतात. आणि १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा मुळातच भोकाचा आहे, कुणी गळ्यात बांधायला पाडलेलं भोक नव्हे.

वजन कमी भरतंय

माझ्या मते इथे एकच कसोटी खरी: झीज आणि वजन यांचा हिशेब जुळतो का? सुटं वजन काहीच सांगत नाही.

१९०६ च्या नाणे कायद्यानं रुपयाला ठरलेल्या वजनापेक्षा दोन टक्क्यांपर्यंत घट मान्य केली होती. त्याखाली गेला की तो कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के म्हणजे ०.२३ ग्रॅम. थोडक्यात, ११.४३ पर्यंतचा रुपया त्या काळच्या सरकारलाही चालत होता. त्यानंतर आपल्याकडे तो दरवर्षी चिंच, राख, पितांबरी यांनी घासला गेलेला असतो. राणीचा गाल सपाट झालाय, मुकुटाची नक्षी गेलीय, साल जेमतेम वाचता येतंय आणि काटा ११.२ दाखवतोय, तर हिशेब जुळतो. तो रुपया म्हातारा झालाय, एवढंच. पण केसांची बट न् बट दिसते, झग्यावरची फुलं खुपतात आणि वजन १०.६, तर हिशेब जुळत नाही. धातू झिजून गेलेला नाही, मग तो गेला कुठे? एकतर कड तासलीय, नाहीतर मुळातच धातू हलका आहे.

उलटंही तितकंच संशयाचं. चेहरा पार गुळगुळीत आणि वजन मात्र ११.६६. असा रुपया बघून लोक खूश होतात, मला तो जास्त खटकतो. झिजलेल्या खऱ्या रुपयाचा साचा घेऊन ओतलेली नक्कल अशीच निघते: झीज उसनी, वजन जमवलेलं. त्यामुळे वजन बरोबर भरलं म्हणून तिथेच थांबू नका.

आपल्या भागात वजन घटण्याचं सगळ्यात मोठं कारण दागिना. रुपयांची माळ, कमरपट्टा, बैलाच्या गळ्यातली चांदीची साखळी, कशाकशात रुपये ओवले गेलेत. मग वाटणी झाली, माळ मोडली, कडी काढली, आणि रुपया पुन्हा देव्हाऱ्यात आला. अशा रुपयाची कड भिंगाखाली फिरवून बघा. एका जागी, बहुतेक करून डोक्याच्या वरच्या अंगाला, चार-सहा मिलिमीटर दाते नाहीसे झालेले दिसतील. तिथे कानशीचे तिरके ओरखडे असतात, आणि खाचेत पिवळट रेघ उरलेली असते. तो डाख, म्हणजे कडी जोडताना वितळवून लावलेला धातू. सोनारानं कडी काढताना डाख वितळवला आणि उरलेला कानशीनं काढला, त्यात दातेही गेले. शिवाय दोन बाजूंची झीज सारखी नसते. माळेतला रुपया एका बाजूनं वर्षानुवर्षं लुगड्यावर घासला जातो. ती बाजू आरशासारखी आणि दुसरीवरचं 'वन रुपी' ठसठशीत, असं दिसलं की तो माळेतला आहे हे जवळजवळ नक्की.

भोक असेल तर थोडं गणित करा. दोन मिलिमीटरच्या भोकानं रुपयातून अवघे ०.०५ ग्रॅमच्या आसपास चांदी जाते. त्यामुळे "भोक आहे ना, म्हणून अर्धा ग्रॅम कमी" हे उत्तर पटण्यासारखं नाही. उरलेल्या घटीचं दुसरं कारण शोधायला हवं. भोक डाखानं बुजवलेलं असेल तर तिथे वेगळ्या रंगाचा गोल ठिपका दिसतो. चांदी काळी पडते तेव्हा तो ठिपका त्याच रंगानं काळवंडत नाही, म्हणून न घासलेल्या नाण्यावर तो लवकर सापडतो.

वजन जास्त भरतंय

हे क्वचित होतं. कडी काढून डाख तसाच ठेवला तर एक-दोन दशांश ग्रॅम वाढतात. अक्षरांच्या खाचांत कुंकू, तेल, मेण आणि पावडरीचा थर बसलेला असतो, त्यानंही शतांशाचे आकडे हलतात. कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ कापडानं पुसून परत तोला. शिवाय गोव्याला लागून असल्यामुळे आपल्याकडे पोर्तुगीज रुपिया सापडतात, विशेषतः खानापूर बाजूला. १८८१-८२ ची राजा लुईसची रुपिया मुद्दाम ब्रिटिश रुपयाच्या मापाची केलेली आहे, ११.६६ ग्रॅम. पण १९३५ ची १२ ग्रॅमची आहे. बाराचा आकडा बघून गोंधळण्याआधी नाण्यावर कुणाचा शिक्का आहे ते बघा.

यांपैकी काहीच नसताना स्वच्छ रुपया सव्वाबारा भरला तर तो खोटा धरायला हरकत नाही. टांकसाळ सरकारची चांदी अशी फुकट वाटत नव्हती.

पाण्यातलं वजन

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर ही चाचणी करा. घरच्या घरी होते, नाण्याला ओरखडा उठत नाही, आणि कसोटीच्या दगडापेक्षा जास्त सांगते.

काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. शिवणाचा बारीक दोरा रुपयाला बांधा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकलात तर नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत, आणि ते चिकटू द्यायचे नाहीत, कारण आकडा त्यांनीच बिघडतो. आता दोरा हातात धरून रुपया पूर्ण बुडवा, पण तो तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. हात थरथरत असेल तर दोरा पेल्यावर आडव्या धरलेल्या पट्टीला बांधा, पट्टी दोन्हीकडे पुस्तकांवर टेकवा, पेल्याला लावू नका. काट्यावर जो आकडा येईल तितके घन सेंटिमीटर त्या रुपयाचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

पूर्ण वजनाचा राणीछाप रुपया पाण्यात १.१३ च्या आसपास आकडा देतो, घनता १०.३. युद्धकाळातला निम्म्या चांदीचा रुपया १.२२ देतो, घनता साधारण साडेनऊ. निकेलचा १.३१. जर्मन सिल्व्हरची (नावातच चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त) किंवा पितळेवर मुलामा दिलेली नक्कल १.३५ च्या पुढे जाते. वजन घटलेल्या रुपयाला हीच चाचणी सगळ्यात उपयोगी पडते, कारण झीज झाली तरी घनता बदलत नाही. माळेतून काढलेला, ११.०२ भरणारा १८६२ चा रुपया पाण्यात १.०७ दाखवत असेल तर घनता १०.३ निघते. चांदी जिथल्या तिथे आहे, फक्त थोडी कमी आहे. हा आकडा दाखवला की "खोटा" म्हणणारा सोनारही गप्प बसतो.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. हलक्या धातूत ११.६६ वजन जमवायचं आणि व्यासही साडेतीस ठेवायचा तर नाणं जाड करावं लागतं, सुमारे वीस टक्के जाड. म्हणून शंकेचा रुपया खात्रीच्या रुपयाशेजारी उभा धरून कडेची जाडी ताडून बघा. डोळ्यांनाही फरक कळतो. ही उणीव शिसं मिसळून भरून काढता येते, कारण शिसं चांदीपेक्षा जड. पण शिशाचा रुपया वाजत नाही. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं कडेला हलकेच टिचका: चांदी लांबवर किणकिणते, शिसं बद्द वाजतं. मात्र बद्द आवाज ऐकून लगेच निकाल देऊ नका. चीर गेलेला किंवा डाख लावलेला खरा रुपयाही बद्द वाजतो. आवाज आणि घनता दोन्ही एकत्र धरा.

वजन बरोबर, रूप चुकीचं

अक्षरांचे काठ गोलसर, पार्श्वभूमीवर बारीक खड्डे आणि कडेला मधून गेलेली सांध्याची रेघ असेल तर नाणं ओतीव आहे. खरा कलदार रुपया ठशानं दाबून पाडलेला असतो, त्यावर सांधा असूच शकत नाही. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल खऱ्यापेक्षा किंचित लहानही असते. व्हर्नियर कॅलिपर असेल तर लावून बघा.

दिवाळीला चांदीची दुकानं राणीछाप पूजेची नाणी नव्यानं पाडून विकतात. ती फसवणूक नव्हे, पूजेसाठीच घेतात लोक. पण दहा-वीस वर्षं डबीत राहून काळी पडली की घरात कुणालाच आठवत नाही, आणि "पणजोबांचा रुपया" म्हणून ती पुढच्या पिढीकडे जातात. वजन नेमकं १० ग्रॅम, घनता साडेदहाच्या जवळ, राणीचा चेहरा थोडा बाहुलीसारखा: असा मेळ दिसला की ते हेच.

तांब्याचं नाणं चांदीसारखं दिसतंय? कल्हई बघा. पूर्वी भांडी कल्हईला गेली की पोरं हौसेनं एखादा ढब्बू पैसाही कल्हईवाल्याकडून चमकवून घ्यायची. कडेला किंवा उंच भागावर कल्हई घासून तांबं डोकावतं. वजन तांब्याच्या नाण्याशी जुळतं, रुपयाशी नाही.

राहिले १८३५ च्या आधीचे रुपये. आपल्या भागात मराठ्यांच्या टांकसाळींचे रुपये निघतात. बेळगावचं आझमनगर हे जुनं नाव टांकसाळीच्या नावात गोकाकाला जोडून येतं, बागलकोटचा मल्हारशाही रुपया इकडे चालत होता, आणि पुण्याकडचे अंकुशीही सापडतात. हे सगळे हातानं ठोकलेले. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे फारसी मजकुराचा एक तुकडाच उमटतो. चकती वाकडी, कडेला दाते नाहीत, वजन ११ ते साडेअकराच्या घरात. वर सराफांनी तपासताना मारलेले बारीक ठसे असतात, ते पाहून "कुणीतरी खराब केलंय" असं वाटतं. तो त्या रुपयाचा इतिहासच आहे. असा रुपया अगदी गोल, मधोमध ठसा बसलेला आणि दातेरी कडेचा मिळाला तर मात्र खुशाल शंका घ्या. शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या पैशाचंही तसंच. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं अर्धवट असणं, कड फाटलेली असणं, दोन शिवराया एका वजनाच्या नसणं, हे सगळं नेहमीचं. शिवराई अनेक टांकसाळींतून फार मोठा काळ निघत राहिली. एकाच वजनाच्या, एकाच हिरव्या रंगाच्या पाच शिवराया एकदम विकायला आल्या, तर त्या घेऊ नका.

आणि तो हनुमानाचा, १८१८ साल छापलेला 'ईस्ट इंडिया कंपनी'चा आणा! त्याचं वजन, धातू, घनता काहीही तपासू नका. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. हाच माल "तांदूळ ओढतो" म्हणून लाखो रुपयांना गळ्यात मारणाऱ्या टोळ्या महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांत फिरतात.

मशीन काय सांगतं, काय नाही

हॉलमार्क सेंटरवरच्या एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या, मशीनवर टंच (चांदीची शुद्धता) काही मिनिटांत कळतो, नाण्याला धक्का लागत नाही. फक्त ते वरच्या पातळ थराचंच वाचन करतं. जाड मुलाम्याची नक्कल तिथे चांगला टंच दाखवू शकते. उलट, मातीत पुरून राहिलेल्या रुपयाच्या पृष्ठभागातलं तांबं विरघळून गेलेलं असतं, त्यामुळे टंच खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून मशीनची चिठ्ठी आणि पाण्यातली घनता शेजारी ठेवून बघायची. दोन्ही जुळली तर धातूबद्दल शंकेला जागा नाही. जुळली नाहीत तर मी घनतेवर जास्त भरवसा ठेवीन, कारण ती नाण्याच्या पोटातलंही मोजते. कानस मारून किंवा कापून बघू द्यायचं नाही, सोनार कितीही ओळखीचा असो.

जुन्या घराची मातीची भिंत पाडताना किंवा रानात नाणी सापडली असतील तर प्रश्न वजनाचा राहत नाही. गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ती नाणी धुऊन चकाकवणं तर अजिबात नको.

कुणाला विचारायचं असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठवता तसा कडेचाही एक पाठवा, दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता. सोबत कोरडं वजन, पाण्यातला आकडा आणि व्यास लिहा. नाणं पूर्वी माळेत होतं का हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून तेही कळवा. नुसत्या "दाजी, खरा हाय का ह्यो?" या प्रश्नाला फोटो बघून उत्तर देता येत नाही.